गोड्या पाण्याचा डबा

मोटर चालवणं सोपं असतं. सोनाळ्याची माणसं त्या मोटरीत कोंबून शेगावच्या आगगाडीला वेळेवर पोचवणं, हे काम माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

आमचे मालक शेषराव देशमुख. बुलढाण्याहून परवाना आणून त्यांनी ही सर्व्हिस मोटर सुरू केली आणि मला, उद्धव ड्रायव्हरला, चाकावर बसवलं. वाटेतला मुलूख सगळा खारपाणाचा. विहिरीचं पाणी जिभेला लागलं की तोंड वाकडं होतं. तेच पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये गेलं की आत पांढरा थर धरतो, नळ्या बुजतात आणि मोटर रस्त्यात उकळत बसते. म्हणून मी सोनाळ्याच्या गोड्या विहिरीचं पाणी रॉकेलच्या दोन डब्यांत भरून सीटखाली ठेवत असे.

आणि लोक ते पीत! बरं, पिऊन डबा रिकामा ठेवतील तर शपथ. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही इथली रीत. मी तिकिटांकडे वळलो की हे रस्त्यावरच्या विहिरीवर जाऊन तो डबा इमानानं काठोकाठ भरून ठेवत. खाऱ्या पाण्यानं! "तुह्या मोटरीले का चव समजते बे?" रोजचे प्रवासी पुंजाजी वर मलाच विचारत. चार महिन्यांत दोनदा नळ्या बुजल्या. शेषरावांनी भर चौकात सांगितलं, "उद्धव, तिसऱ्यांदा खारं पानी सापडलं तर चावी ठेवायची अन् घरी जायचं." घरी बायको, दोन लेकरं, आणि शेत म्हणाल तर ढेकूळभर नाही.

वैशाखात एक दिवस अर्ध्या वाटेवर मोटर उकळली. झाकण लगेच उघडलं तर तोंड भाजतं, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं, हे पुंजाजींना मी शंभरदा सांगितलं असेल. तरी लोटा घेऊन तेच पुढे. "सरा बाजूले!" मी ओरडलो. अर्धा तास थांबलो, ओलं पोतं टाकून झाकण हळूच फिरवलं. मग डबे काढून चाखले. पहिला खारा. दुसरा गोडा, पण तळाला दोन-तीन तांबेच; मोटर जेमतेम शेगावला पोचेल एवढं. पुंजाजी आभाळाकडे बघू लागले. त्या क्षणी त्यांना उचलून विहिरीत टाकावं असं वाटलं मला.

तेवढ्यात मास्तरांची बायको प्रतिमाबाई खाली उतरली. कडेवर दीड वर्षाचं पोर, सकाळपासून हगवण लागलेलं. त्याला शेगावच्या डॉक्टरकडे नेत होती. पोराचे ओठ सुकले होते, मान टाकली होती.

"दादा, माह्या तांब्यातलं पानी सरलं," ती म्हणाली. "विहिरीचं पाजलं तं ओकून राह्यला."

"बाई, हे मोटरीचं पानी हाय," असं माझ्या तोंडून निघालंसुद्धा. सांगायला लाज वाटते. मग मी डबाच तिच्यापुढे ठेवला. "घ्या. थोडं थोडं पाजा. शेगाव येईस्तोवर डबा तुमच्यापाशीच राहू द्या. अन् पुंजाजी, त्याले हात लावला तं पाहा!"

खारा डबा मी माझ्याच हातानं रेडिएटरमध्ये ओतला.

पोर वाचलं. संध्याकाळी शेषरावांनी रेडिएटरमधलं पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. "कोनं टाकलं? नाव सांग." पुंजाजी शेजारीच उभे, चेहरा पडलेला. त्यांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं.

"म्या टाकलं," मी म्हणालो, आणि घडलं ते सगळं सांगितलं.

शेषरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "पोरगं बरं हाय?"

"हाव."

"मंग चांगलं केलं तू." माझ्या जिवात जीव आला. त्यांनी हात पुढे केला. "पन म्या चौकात बोललो होतो. चावी दे."

चावी मी त्यांच्या हातावर ठेवली. डोकं असं भणाणलं होतं की विचारू नका, पण शिव्या द्याव्यात तरी कोणाला?