अर्ध्या तासाचं स्टूल

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, असं फिटरने आधीच सांगून टाकलं. त्याच्या ग्राइंडरमधून उडालेली एक ठिणगी म्हणे खिडकीतून बाहेर गेली, गल्लीला चक्कर मारून दारातून परत आत आली, आणि त्याने ती चपलेखाली चिरडली. बाळाला घेऊन नुकतीच दवाखान्यातून आलेली पुतणी खुदकन हसली. तिचा बाप, म्हणजे सुतार, हसला नाही. भुशाचं पोतं जिथे असायचं, त्या मोकळ्या फरशीकडे तो बघत होता.

दोघे सख्खे भाऊ, एकाच खोलीत दोघांचे धंदे. मधे खडूची रेघ. अलीकडे थोरल्याचं लाकूड, पलीकडे धाकट्याचं लोखंड. "ठिणगीला रेघ वाचता येत नाही," थोरला म्हणायचा. म्हणून त्याने कायदा केला होता. ग्राइंडर लावण्याआधी भुसा बाहेर न्यायचा आणि फरशी ओली करायची. बंद केल्यावर बादली शेजारी घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास बसायचं. नुसतं बसायचं. "ज्या दिवशी चुकशील, त्या दिवशी ग्राइंडर घराबाहेर." आणि ग्राइंडर गेलं की फिटरच्या हाती उरणार काय, तर पेपर आणि वहिनीची निवडायची भाजी.

त्या दुपारी, ही सगळी दवाखान्यातून परतायच्या आधी, घरात तो एकटा होता. नातवासाठी थोरल्याने केलेला पाळणा लाकडाच्या बाजूला उभा होता, पॉलिश जेमतेम सुकलेलं. फिटरने आपण बसवायच्या कडीवरून बोट फिरवलं. धार लागली. ही कडी महिन्याभरात दोरी कापणार. घासायला चार मिनिटं. फरशीवर त्याने पाणी शिंपडलं, पण पोतं ओढायचा कंटाळा केला. ते पाठीमागे होतं. ठिणग्या पुढे उडतात, मागे कशाला जातील? समोरच्या भिंतीवर आपटून त्या परततात, हे तीस वर्षं माहीत असूनही त्याने स्वतःला विचारलं.

कडी लोण्यासारखी झाली. सवयीने तो कोपऱ्याकडे वळला, तर स्टूल जागेवर नाही. स्टूल नाही म्हणजे बसणंही नाही, असा सोयीचा अर्थ लावून तो चहा ठेवायला गेला.

कप तोंडाला लागायच्या आत वास आला. ताज्या लाकडाचा वास गोड असतो; हा कडवट होता. तो खोलीत धावला. धूर नाही, जाळ नाही, सगळं शहाण्यासारखं जागच्या जागी. त्याने पोत्यावर तळवा ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

आग आत मुरत होती. पोत्याचं तोंड उघडावं तर हवा लागून भडकणार. पाणी जोरात ओतावं तर भुसा उडणार आणि उडता उडता पेटणार. हातभर अंतरावर पाळणा, त्याच्या पायाशी थिनरचा डबा. आधी त्याने डबा अंगणात नेला. मग गोणपाट बादलीत बुडवून पोत्यावर पांघरलं, नीट, हळूहळू, तापलेल्या बाळावर पांघरावं तसं. पोतं बाहेर ओढताना करपलेलं बूड फाटलं. लाल निखारा फरशीवरून पाळण्याकडे घरंगळला आणि ओल्या फरशीवर फुस्स करून विझला, पाळण्यापासून चार बोटांवर.

पोत्यात पाणी जिरवून त्याने ते मागच्या भिंतीआड दडवलं, फरशी पुसली. फडकं पिळतोय तोच दारात रिक्षा थांबली.

"भुसा कुठं गेला रे?" थोरल्याने आता विचारलं.

"बाहेर काढला. तुझाच कायदा ना? मग कडी घासली, आणि बसलो."

"बसलास?"

"अर्धा तास. मिनिट कमी नाही. मांडीला मुंग्या आल्या."

"काका आणि गप्प अर्धा तास?" पुतणी म्हणाली. "ठिणगीची गल्लीतली फेरी खरी वाटली बाई त्यापेक्षा."

"तोंडी लागू नकोस. विचार त्या स्टुलाला."

दुपट्याची घडी मोडणारा वहिनीचा हात थांबला.

"भावोजी," ती म्हणाली, "ते स्टूल सकाळपासून आमच्या खोलीत आहे. माळ्यावरून ही दुपटी काढायला मीच नेलं होतं."