पाच नंबरची कीड

"खालची उजवी दाढ, क्लास फाइव्ह," डॉक्टर योगितांनी मदतनीस बाईंना सांगितलं, आणि शांतारामने खुर्चीचे हात घट्ट धरले.

तो मूळचा बांद्याचा. शिरगावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ कृष्णनाथ जिभेच्या कॅन्सरने गेला होता. 'चौथी स्टेज,' एवढंच तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. चारातच माणूस गेला. इथे तर पाच.

तोंडातला आरसा निघताच त्याने विचारलं,

"बाई, माजे किती दिवस रवले?"

योगितांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या स्टूल ओढून जवळ बसल्या.

"अहो, कीड किती वाढली त्याचा हा नंबर नव्हे. कुठे लागली त्याचा. दाढेच्या वरच्या खाचेत लागली तर एक, दोन दाढांच्या मध्ये लागली तर दोन. तुमची हिरडीला लागून आहे, म्हणून पाच. आत्ता भरून देते."

"मगे पाचापेक्षा एक वायट आसू शकता?"

"असू शकतो. कधी कधी एक नंबरवाल्याची दाढच काढावी लागते."

त्याच्या डोक्यात हे काही नीट बसेना. पण हात सैल झाले.

इंजेक्शन झालं, दाढ भरून झाली. शेवटी योगितांनी त्याचा डावा गाल आतून पाहिला. तंबाखू धरायच्या जागी पांढरट चट्टा होता. त्यांनी बोटाने कड दाबली. कड टणक लागली.

"दुखतं?"

"नाय. ह्येचो नंबर कितवो?"

"ह्याला नंबर नसतो." त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. "पणजीला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. याच आठवड्यात. चिठ्ठी देते. आणि तंबाखू आजपासून बंद."

बाहेर बाकावर त्याची बायको वत्सला बसली होती.

"पाच म्हणजे काय नाय गो, नुसती जागा," तो बधिर ओठाने हसत म्हणाला. "गालात एक चट्टो असा, तेका तर नंबरच नाय. पणजीक कित्याक धाडतत, कोण जाणे."

वत्सलाही हसली. मग तिची नजर दारात उभ्या योगितांकडे गेली. त्या हसत नव्हत्या. कृष्णनाथाचं तोंड शेवटपर्यंत वत्सलानेच पुसलं होतं. तिने नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, घडी घालून कनवटीला लावली.

"बाई," तिने विचारलं, "पणजीची पयली गाडी किती वाजता सुटता?"