सगळंच घ्या, मॅडम

मित्रांनो, मी लेथ आहे आणि जुना आहे. यातली दुसरी गोष्ट माझ्या मालकांनी मासिकात छापून जगजाहीर केली.

लोखंडाचा रस साच्यात ओतून मला घडवले आणि कसबा पेठेतल्या या वर्कशॉपमध्ये आणून बसवले. लोखंडी दांडा माझ्यात अडकवला की तो गरगर फिरतो, माझे हत्यार त्याचे छिलके काढते आणि हवा तसा भाग तयार होतो. जुन्या गिरण्यांचे, पंपांचे जे भाग बाजारात मिळत नाहीत, ते मी करून देत असे. मालक दिगंबरशेठ सकाळी आधी मला तेल देत, मग स्वतः चहा घेत. एवढ्यावर मी भाळलो. यंत्राला भोळेपणा शोभत नाही, पण होता.

पुढे त्यांच्या मुलाने, अभयने, माझ्या शेजारी संगणकावर चालणारे नवे मशीन आणले. त्याला काम मिळेना, म्हणून उद्योगाच्या मासिकात आपल्यावर लेख यावा असे ठरले. लिहायला दीपाली नावाच्या बाई आल्या.

"लेख कशावर?" त्यांनी विचारले.

"आपल्यावर," शेठ म्हणाले. "सगळंच घ्या, मॅडम. हात आखडू नका."

"सगळ्यावर लेख होत नाही, जत्रा होते. लेख वाचून माणसाने तुमच्याकडे काय काम घेऊन यावं, तेवढंच सांगा."

माझ्यावर तेव्हा एका गिरणीचा दांडा चढला होता. बाई बघत राहिल्या. "हे असे जुने भाग दुसरीकडे होतात?"

"पेठेत तरी नाही."

"मग विषय हाच."

शेठांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ठरलं. याच्यावरच लिहा."

मित्रांनो, माणसाची थाप आणि माणसाचा शब्द यांची खाती वेगळी असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

बाईंचा मजकूर आला आणि अभयने नाक मुरडले. "बाबा, कंपन्या हसतील. नव्या मशीनचं टाका." ते टाकले. मग शेठांच्या सत्काराचा फोटो आला, मग निर्यातीचा विचार, मग कैलासवासी आजोबा. बाईंनी फोन करून बजावले, "शेठ, विषय हातचा चाललाय. एक काय ते ठेवा."

"तुम्ही अभयशीच बोला," शेठ म्हणाले.

जागा कमी पडली तेव्हा लेखातून मीच निघालो. माझ्या वाट्याला अभयने सुचवलेले एक वाक्य आले: 'जुन्या यंत्रांना निरोप देऊन या वर्कशॉपने भविष्यात पाऊल टाकले आहे.' शेठांनी ते मोठ्याने वाचले आणि छान म्हणाले. वाचताना ते मलाच टेकले होते.

लेख फ्रेम होऊन भिंतीवर लागला. तो वाचून नेमके काय काम द्यावे हे कोणत्याही कंपनीला कळले नाही. माझी नेहमीची गिऱ्हाइके मात्र येईनाशी झाली. एकदा गिरणीवाले संभाजीराव दारावरून जाताना शेठांना दिसले.

"काय संभाजीराव, गिरणी काय म्हणते?"

"दांडा मोडला होता. भोसरीहून करून आणला."

"अहो, मी इथे असताना?"

"तुम्हीच निरोप दिलात ना यंत्राला? आम्हाला वाचता येतं, शेठ."

मी तयार उभा होतो. 'छापणाऱ्याचं सोडा, लेथ चालू आहे,' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. शेठांनी आधी फ्रेमकडे पाहिले, मग अभयकडे.

"हो," ते म्हणाले, "ते काम आम्ही बंदच केलंय."

त्यानंतर मला तेल मिळाले नाही. गंज चढला, तेव्हा अभय म्हणाला, "बघा, गंजलाय." आज भंगारवाल्याचा टेम्पो दारात आहे. हमाल मला पहारी लावत आहेत आणि शेठ सांगत आहेत, "जपून उचला रे, जुनी वस्तू आहे."

मित्रांनो, आपल्याबद्दल लिहायला कुणाला बोलावण्याआधी घरात बसून ठरवा की आपली कोणती एक गोष्ट लोकांपर्यंत जायला हवी. ठरली की तिच्या बाजूने उभे राहा, मुलगा रुसला तरी. टेम्पोत चढवताना केलेली जपणूक आमच्या काही उपयोगाची नसते.