बोटीच्या पोटातलं पाणी

मोहने गावात काळुरामचं घर अगदी नदीकाठी. एका पुरात तळमजला बुडाला, शेजारपाजारची माणसं गच्चीवर अडकली, तेव्हापासून त्याने फायबरची बोट घेऊन ठेवली होती. पाणी चढलं की ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना वरच्या आळीत पोचवायची आणि पुन्हा ट्रेलरवर बसून अंगणात यायची. पण तिच्याबरोबर ट्रेलरही दरवेळी बुडायचा. यंदा त्याच्या अ‍ॅक्सलचे गंजून पापुद्रे निघायला लागले. काळुरामच्या धाकट्या भावाने, विकीने, ठरवलं की नवा जाड अ‍ॅक्सल बसवायचा, चाकं मोठी घालायची, बोट सहज चढावी म्हणून रोलर लावायचे. त्यासाठी आधी बोट ट्रेलरवरून उचलायला हवी होती.

सकाळीच खडवलीला दिलेल्या लेकीचा, भावनाचा, फोन आलेला. तिकडे नदी घाटाच्या पायऱ्या चढत होती. काळुराम म्हणाला, मग आजच उरकू.

त्याची बायको तुळसा ओट्यावर सुकट निवडत बसली होती. दोघा भावांनी जॅक लावून बोटीचं नाक वर घेतलं आणि खाली दोन लाकडी घोड्यांवर आडवा लोखंडी गर्डर सरकवला. नाक वर गेलं तशी बोटीच्या पोटातून काहीतरी सावकाश मागे सरकलं. तुळसाचा हात सुपातच थांबला.

आत पाणी आहे, असं ती म्हणाली. विकी म्हणाला, तळाचं बूच कालपासून उघडं आहे, थेंब आला नाही. काळुरामने क्षणभर कान दिला आणि जॅक मागच्या टोकाला नेला. आभाळ भरून आलं होतं आणि त्याला घाई होती.

मागच्या बाजूला इंजिन, त्यामुळे वजन तिकडेच जास्त. जॅकखाली फळी टाकली होती. बोट जेमतेम वीतभर उचलली गेली आणि फळीच्या कडेने चिखल वर यायला लागला. तो तुळसाला दिसला. पुरुषांना नाही दिसला, कारण बांधणीचा पट्टा अ‍ॅक्सलला अडकला होता आणि विकी तो सोडवायला पोटावर झोपून आत सरकत होता.

तिने धावत जाऊन त्याचा पाय धरला. ओढून बाहेर काढला.

"खाली जायचं नाय, विकी."

"वयनी, दोन मिन्टांचं काम हाय."

"आन् दोन मिन्टं ही बोट कोन धरून ठेवील?"

विकी चिडून उठला. पट्टा बाहेरूनच ओढायला आकडा आणावा म्हणून पडवीकडे वळला, एवढ्यात फळी एका अंगाला खचली. जॅक निसटला. बोट तिरकी होऊन ट्रेलरवर आदळली आणि गंजलेला अ‍ॅक्सल मधोमध मोडला. विकी जिथे झोपला होता तिथली माती दाबली जाऊन तिथे खळगा पडला होता.

मग काळुरामने ड्रिल आणलं आणि बोटीच्या तळाला भोक पाडलं. काळं, कुजकट पाणी धार लागून वाहत राहिलं. बूच पोचत नाही अशा दुहेरी तळामधला फोम वर्षानुवर्षं पाणी पीत आला होता. बोट तरंगत होती ती कशाच्या जोरावर, कोण जाणे. गेल्या पुरात तिच्यात एका खेपेला अकरा माणसं बसली होती, त्यांत मांडीवर नातू घेतलेली तुळसाही होती. ती आता जमिनीवरच बसली.

पाणी निघून गेल्यावर बोट हलकी झाली. या वेळी त्यांनी खाली रुंद लोखंडी पत्रे घातले, जॅक थोडा चढला की लगेच लाकडी ठोकळे रचले, आणि दोन्ही टोकं घोड्यांवर पक्की बसल्यावर मोडका ट्रेलर लांबून दोराने ओढून काढला. कोणीही बोटीखाली गेलं नाही.

विकी तळाच्या भोकाकडे बघत राहिला. फोम काढून तळ पुन्हा भरायचा, अ‍ॅक्सल बसवायचा म्हणजे आठवडा तरी हवा.

भावनाचा फोन लागत नव्हता. कुंपणापलीकडे नदीचा आवाज बदलला होता, जड झाला होता. तुळसा उठली, पदर खोचला.

"शेजारच्या म्हाताऱ्या गंगुबाईला आताच वरच्या आळीत न्या," ती म्हणाली. "खुर्चीवर बसवून. रस्ता हाय तोवर."

दोघे भाऊ खुर्ची उचलून निघाले.