ओव्हनमधले हजार तास

लक्ष्मणदादांच्या घड्याळावरचा डाग कस्तुरीला पहिल्यांदा दिसला तेव्हा तिच्या हातात थालीपीठ होतं. ते खाली न ठेवताच तिने डागावर बोट घासलं, त्यामुळे काचेला तेलही लागलं.

"दादा, हे काय लागलंय?"

"सनस्क्रीन असेल. अरुणा मला भिंतीला चुना फासावा तसं फासते."

"फासते म्हणून निदान ओळखू येताय," अरुणाताई तव्यासमोरून म्हणाल्या. "नाहीतर इमिग्रेशनवाल्यांनी परत आत घेतलं नसतं."

शनिवारची दुपार होती. दादा सकाळी त्सुरुमी नदीच्या काठाने चोवीस किलोमीटर पळून आले होते. त्यांच्या मनगटावर कंपनीचं नवं, अजून बाजारात न आलेलं धावपटूंचं घड्याळ होतं. मे महिन्यापासून वीस कर्मचाऱ्यांना ते वापरून बघायला दिलं होतं; काही बिघाड दिसला की फॉर्म भरून कळवायचं. दादा त्या घड्याळाचं सॉफ्टवेअर लिहीत, तर त्याचा पडदा किती टिकतो हे तपासणं कस्तुरीचं काम होतं. दोघंही योकोहामातल्या एकाच कंपनीत होते. दीड वर्षापूर्वी तिचं नाव तिथे सुचवलं होतं ते दादांनीच.

कस्तुरीने हात धुतले, चष्म्याच्या कापडाने काच पुसली. डाग तसाच. तिने घड्याळावर कोरी करडी स्क्रीन लावली आणि खिडकीशी जाऊन पाहिलं. करड्या रंगावर फिकट पिवळसर अशी जपानी अक्षरं उमटली होती. 'पेस', म्हणजे धावण्याची गती. त्याखाली मिनिटं आणि सेकंदांच्या मधली दोन टिंबं. आकडे बदलत राहतात, त्यामुळे त्यांचा माग उरला नव्हता. जे रोज त्याच जागी पेटत होतं, तेवढंच झिजलं होतं.

या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि पेटता पेटता म्हातारा होतो. निळे ठिपके सगळ्यांच्या आधी. एकच शब्द उन्हात, पूर्ण उजेडावर, महिनोन् महिने दाखवला की तो शब्द गेला तरी त्याची सावली मागे राहते. याला बर्न-इन म्हणतात. आणि कस्तुरीने गुरुवारी शिक्का मारून दिलेल्या अहवालात लिहिलं होतं, की हजार तासांच्या चाचणीनंतर चोवीसपैकी एकाही घड्याळावर बर्न-इन नाही, म्हणजे सामान्य वापराची पाच वर्षं.

दादांना घड्याळ वापरून जेमतेम पाच महिने झाले होते.

सोमवारी दहा वाजता बैठक होती. खोक्यावर 'पाच वर्षं' छापायचं की नाही हे तिथे ठरणार होतं. एप्रिलमध्ये कस्तुरीची कंत्राटी नोकरी पक्की व्हायची होती, आणि विभागप्रमुख ओगाता-साननी सांगून ठेवलं होतं की तिचं मोजमाप याच अहवालावरून होईल.

"अगं, दुसरं गरम घे ना," अरुणाताई म्हणाल्या. "पहिलंच तसंच पडलंय."

"नको ताई. निघते मी."

दादांच्या घराजवळच्या त्सुनाशिमाहून तिचं स्टेशन चौथं. ती दुसऱ्यालाच, किकुनाला उतरली आणि उरलेलं अंतर चालत गेली. दादा उन्हात फार पळतात, हे एक कारण असू शकतं. तेवढं एकच घड्याळ सदोष असू शकतं. दोन्ही कारणं तिने कोपऱ्याकोपऱ्यावर तपासली आणि दोन्ही अर्धवट सोडली. घरी पोचल्यावर चहा केला, तो विसरली, कप धुतला, पुन्हा चहा केला.

आपण काय चुकलो असू? चाचणी साधी होती. साठ अंश तापलेल्या ओव्हनमध्ये चोवीस घड्याळं पूर्ण उजेडावर पेटती ठेवायची. उष्णता आणि उजेड मिळून म्हातारपण लवकर आणतात. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती ओव्हनचं दार उघडायची आणि इथल्या रीतीप्रमाणे एकेका घड्याळाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायची, "योशी!" म्हणजे ठीक आहे. इथले ट्रेनचे चालकही सिग्नलकडे असंच बोट दाखवतात. बोट आणि आवाज एकदम वापरला की नजर चुकत नाही म्हणे. पहिल्या आठवड्यात कस्तुरीला हसू आवरत नसे. मग तिला ते आवडायला लागलं. बेचाळीस दिवस, चोवीस घड्याळं, हजाराच्या वर 'योशी', आणि एकही चुकार नाही.

रविवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडला. ओव्हनमधल्या घड्याळांना किती वीज जाते याची नोंद दर मिनिटाला आपोआप होत असे. अहवालाच्या नमुन्यात तिला जागा नव्हती, म्हणून तिने ती कधी उघडलीच नव्हती. आता आलेख काढला.

पहिले पाच दिवस रेघ उंच आणि सपाट होती. सहाव्या दिवशी ती धाडकन खाली आली आणि शेवटपर्यंत खालीच राहिली. फक्त रोज एकदा सुईसारखी वर जात होती. तिने सुईवर बोट ठेवलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

कस्तुरी उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसली. सहाव्या दिवशी काय झालं होतं? दादांच्या टीमचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि तिने ते चोवीसही घड्याळांत भरलं होतं.

तासाभरात ती पुन्हा त्सुनाशिमाला होती.

"दादा, घड्याळ द्या. ताई, गाद्या ठेवता ते कपाट रिकामं आहे का?"

"आता कपाटातही टेस्टिंग?" अरुणाताईंनी गादी बाहेर ओढली.

गाद्यांच्या त्या खोल कपाटात कस्तुरीने घड्याळ ठेवलं, त्याच्यासमोर व्हिडिओ चालू केलेला फोन उभा केला आणि दार सरकवलं. दोन मिनिटांनी उघडलं. घड्याळ लख्ख पेटलेलं होतं.

"चालू तर आहे," दादा म्हणाले.

"व्हिडिओ बघा."

व्हिडिओत दार बंद होतं, चार सेकंद जातात आणि पडदा मंदावत जाऊन विझू घातलेल्या निखाऱ्यासारखा होतो. दोन मिनिटं तसाच. मग दार सरकतं, उजेड आत येतो आणि घड्याळ झटक्यात उजळतं.

"अगदी यांच्यासारखं," अरुणाताई म्हणाल्या. "मी खोलीत आले की लगेच लॅपटॉपवर टाइप करायला लागतात."

दादांनी व्हिडिओ पुन्हा लावला.

"अपडेटनंतर सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात," दादा हळूच म्हणाले. "बाहेरचा उजेड बघून ब्राइटनेस कमी-जास्त करायचं, ते चालू झालं असणार. मी नोटमध्ये लिहिलं होतं."

"वाचलं होतं मी. म्हणूनच लगेच दार उघडून तपासलं. सगळी फुल होती." तिचा आवाज चढला. "रोज फुल होती! मी बघते तेवढ्यापुरती. बाकी तेवीस तास पंचावन्न मिनिटं अंधारात लोळत होती."

दादांनी घड्याळ उलटसुलट केलं. "हे बघ, उद्याची बैठक होऊन जाऊ दे. पुढच्या अपडेटमध्ये मी उन्हातला ब्राइटनेस थोडा उतरवतो, अक्षरं दर मिनिटाला जराशी सरकवतो. डाग पडायचेच नाहीत. तुझी एप्रिलची पोस्ट का घालवतेस?"

"सरकवल्यावर किती वर्षं टिकेल?"

"जास्त टिकेल."

"किती?"

दादांनी घड्याळ मनगटावर चढवलं.

"तुम्ही डागाचा फॉर्म भरलात का, दादा?"

"सनस्क्रीन वाटलं मला," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

सोमवारी कस्तुरी साडेआठलाच ऑफिसात पोचली. आलेखाची छापील प्रत छातीशी धरून ती ओगाता-सानच्या टेबलाशी गेली आणि थबकली. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर करड्या रंगात पिवळसर 'पेस' होतं. दादांचा फॉर्म आला होता, सात वाजून चाळीस मिनिटांनी.

"हे बघून आलात का?" ओगाता-साननी विचारलं.

"नाही. मी आधीच…" तिला ऐकताना आपलंच खोटं वाटलं. तिने आलेख पुढे केला आणि सगळं सांगितलं. अपडेट, अंधार, नऊ वाजून दहाची सुई.

त्यांनी सहाव्या दिवसापासून रेघेवरून बोट फिरवत नेलं. "केव्हा कळलं?"

"डाग शनिवारी दिसला. कारण काल कळलं. नीट तपासून मग सांगावं असं वाटलं."

"शनिवारी फोन करायला हवा होता. अर्धवट असतं तरी." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी त्या अहवालावरचे चार शिक्के मोजल्यासारखे पाहिले, त्यातला एक त्यांचा होता, आणि कोट चढवला. "चला. बैठकीआधी शिक्का मारणाऱ्या उरलेल्या दोघांकडे जाऊन माफी मागू."

दोन मजले, दोन दारं. प्रत्येक दाराशी ओगाता-सान कमरेत वाकले आणि त्यांच्यामागे ती. आपल्या चुकीसाठी दुसऱ्याची पाठ वाकलेली बघणं तिला सहन होईना.

दहा वाजता बैठकीत मार्केटिंगच्या कितामुरा-साननी नमुन्याचं खोकं टेबलावर ठेवलं. "मग पाच नाही, तर किती वर्षं?"

कस्तुरीने ओगाता-सानकडे पाहिलं. ते तिच्याऐवजी उत्तर देणार नव्हते.

"आज माहीत नाही," ती म्हणाली. "सहा आठवड्यांनी सांगू शकेन."

"छपाई चार आठवड्यांवर आहे."

"तर वर्षं छापू नयेत."

कितामुरा-साननी लाल पेन काढलं, खोक्यावरचे 'पाच वर्षं' हे शब्द आडव्या रेघेने खोडले, आणि तिच्याकडे न बघता पुढचा विषय घेतला.

जिन्यात ओगाता-सान म्हणाले, "पक्क्या नोकरीचं या एप्रिलला होणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

"हो," ती म्हणाली. "चाचणी आजच सुरू करू ना?"

कपाटात आठच नवी घड्याळं शिल्लक होती. तिने ती ओव्हनमध्ये मांडली, उजेडाचा सेन्सर प्रत्येकावर हाताने बंद केला, दार लावलं आणि विजेचा मीटर दाराबाहेर ओढून समोर स्टूल घेतलं. एक वाजता ओगाता-साननी दारातून डोकावून जेवायला चला म्हटलं.

"आणखी दहा मिनिटं," ती म्हणाली. मीटरवरचा आकडा दोन तासांत उतरला नव्हता. तिची नजरही त्यावरून हलली नव्हती आणि स्टुलाखाली पाय सारखा हलत होता.