छत्तीस किलोमीटर

बाई गेल्याचा फोन सकाळी सहाला आला, तेव्हा बकाराम गोठ्यात शेण ओढत होता. फोन भाच्याचा होता, देवानंदचा.

"मामाजी, माय गेली. झोपेतच गेली. दोन वाजता उचलतो. तुमी या."

एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. बकारामनं हात धुतले, घरात जाऊन पेटी उघडली आणि तळातलं लुगडं वर काढलं. आमसुली रंगाचं, बारीक काठाचं. ते त्यानं भाऊबीजेला गोंदियातून आणलं होतं. दिवाळीत अनुसयाबाईचे गुडघे सुजले, तिला येता आलं नाही, आणि आज जाऊ उद्या जाऊ करत चैत्र लागला तरी बकारामकडून ते नेऊन देणं झालं नाही.

बाई म्हणजे त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी थोरली बहीण. तलावाच्या पाळीवरून त्याला कडेवर घेऊन हिंडायची. दोघांची माय गेली तेव्हा बकाराम सात वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याला कोणी पोटाशी धरलं असेल तर तिनंच.

त्यांच्याकडे बाई सासरी मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. ते भाऊ घालतो. ते पडल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. सासर कितीही तालेवार असो, शेवटचं वस्त्र सासरचं चालत नाही. आयुष्यभर ज्या घरासाठी राबली, त्या घरातून निघताना बाई आपल्या बापाच्या घरचं नेसून निघते. दुसरं काही भावानं केलं नाही तरी चालतं, हे करावंच लागतं.

सात वाजता मुन्नालाल अंगणात आला. त्याची काळीपिवळी जीप तिरोड्याच्या रस्त्यावर चालते.

"काका, आठले काढतो. भावकीतले नऊ जन तयार आहेत. तुमची सीट पुढं, माह्या बाजूले."

बकारामनं आंब्याखाली उभ्या असलेल्या गाडीकडं पाहिलं. पांढरी, लांब, तोंडाला जाळी नसलेली. पोरगा गजेंद्र काल संध्याकाळीच नागपूरहून ती घेऊन आला होता. बॅटरीवर चालणारी. गावातली अर्धी माणसं रात्री तिच्याभोवती जमली होती. दुलीचंद वायरमननं तर बसून बघितलं आणि म्हटलं, "आवाजच नाही गा हिले, बायको रुसल्यावानी चालते."

"तुमी व्हा पुढं," बकाराम म्हणाला. "आमी गजूच्या गाडीनं येतो."

मुन्नालालनं एकदा गाडीकडं पाहिलं. "बरं. मंग लुगडं तरी द्या. मी नेऊन देतो. मांगून या तुमी आरामात."

"लुगडं भावाच्या हातानं पडते, मुन्नालाल."

"हात तुमचाच आहे काका, मी कोठी माहा म्हनून राहिलो? पन हात वेळेवर पोचला पाहिजे ना."

"पोचते. तू जाय."

आता खरी गोष्ट सांगायची तर अशी, की बकारामला त्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरायचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी तो तिच्याकडं सायकलीनं जायचा. नव्वद किलोमीटर. पहाटे निघायचा, मागं कॅरिअरला पोहे, मुरमुऱ्याचे लाडू, कधी बोदलकशाच्या तलावाची सुकी मासोळी बांधलेली. तिचा दीर पडवीत बसून ओरडायचा, "वहिनी, तुमचा भाऊ आला पंक्चर काढाले!" सगळे हसायचे. बाईही हसायची, आणि आत जाऊन डोळे पुसायची, हे बकारामनं एकदा पाहिलं होतं. त्या घरात चाळीस एकर धान होतं, ट्रॅक्टर होता. बाईचं माहेर म्हणजे तीन एकर आणि सायकल. बाई मेल्यावर तरी ते तोंड बंद व्हावं, असं त्याला वाटलं. मेलेल्या बाईला त्याचं काय, हे त्याला सुचलं नाही.

गजेंद्र उठला तो कपाळाला हात लावूनच. रात्री त्यानं कूलरची पिन काढून तिथं गाडीचा चार्जर खोचला होता. सकाळी पाहतो तर चार्जरच्या डबीवर लाल दिवा. गाडीत रात्री होते तेवढेच चाळीस टक्के.

"का झालं?" बकारामनं विचारलं.

"अर्थिंग नाही बाबा घराले. अर्थिंग नसली की ही घेतच नाही."

"इतके वर्ष पंखा चालून राहिला, टीव्ही चालून राहिला."

"पंख्याले समजत नाही. इले समजते."

चाळीस टक्क्यांत गाडी अठ्ठ्याण्णव किलोमीटर दाखवत होती. जायचं ब्याण्णव. गजेंद्र म्हणाला की हा आकडा सावलीतला, उन्हात एसी लावला की तो खाली येतो, आणि मध्येच थांबली तर ही गाडी ढकलताही येत नाही. दुलीचंदला बोलावलं. त्यानं मीटरखाली वीतभर खड्डा खणला, जुनी लोखंडी पहार त्यात ठोकली, वायर गुंडाळली, दोन किलो मीठ टाकलं आणि वर घागरभर पाणी ओतलं. तोवर मुन्नालालची जीप भावकीला घेऊन निघून गेली होती. जाताना कोणीतरी जीपमधून ओरडलं, "बकारामभाऊ, तुमी आमच्या पयले पोचता पाहा!"

साडेनऊला दिवा हिरवा झाला. दुलीचंदनं मिशीला पीळ दिला. पण उन्हाळी धानाचे दिवस, शिवारातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी सुरू. घरातला बल्ब पिवळा पडलेला. दूर तिरोड्याकडं वीज कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या, आणि बकारामच्या घरात गाडी थेंबथेंब पीत होती. दीड तासात सहा टक्के भरले. अकरा वाजता गजेंद्रनं वायर ओढली.

"चला बाबा. हायवेवर ढाब्यापाशी मोठा चार्जर आहे. तेथी वीस मिनिटांत भरते."

गाडी छान चालली, खोटं कशाला बोला. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत गारवा. गोरेगाव गेलं, मोहाच्या झाडांचा पट्टा गेला. बकाराम मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, पिशवीत लुगडं. पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात तो अक्षरं शिकला होता, आणि तेव्हापासून त्याला दिसेल ते वाचायची खोड लागली होती. गाडीच्या काचेवर आकडा उतरताना तो वाचत होता. ऐंशी. एकसष्ट. सत्तेचाळीस.

पाऊण वाजता ते हायवेवरच्या ढाब्याशी पोचले तेव्हा आकडा होता छत्तीस. आणि फाट्यावरच्या पाटीवर बाईच्या गावापुढं लिहिलं होतं, बावीस.

"गजू," बकाराम म्हणाला, "छत्तीस दिसून राहिले. बाईचा गाव तर बावीसच आहे."

"हो बाबा. जाऊ तर आपण. पण परत कसं येऊ? त्या गावात कुठं चार्जर? आपल्या घरची दशा पाहिली ना सकाळी."

"येनं मांगून पाहू."

"तसं नसते बाबा. रात्री तेथी अडकलो तर उद्या माही ड्युटी आहे. वीस मिनिटं फक्त. दोनच्या आत पोचवतो तुमाले."

मशीनचं पोराला कळतं, असं बकारामनं मनाला सांगितलं.

ढाब्याच्या कडेला दोन चार्जर उभे होते. एकाची काच काळी, मेलेली. दुसऱ्याला रायपूरची गाडी लागलेली, तिचा मालक बाजेवर पडून ताक पीत होता. गजेंद्र त्याच्यापासून लांब उभा राहिला. अशा ठिकाणी लाईन असते, मधात घुसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. वीस मिनिटं तशीच गेली. देवानंदचा फोन आला. गजेंद्रनं सांगितलं, "हायवेवर आहो, वीस मिनिटांत निघतो."

शेवटी बकाराम स्वतःच त्या माणसाजवळ गेला. "भाईसाब, बहन गुजर गई है. मिट्टी में जाना है."

तो माणूस बाजेवरून उठलाच. "अरे चाचाजी, पहले बोलना था ना! इतनी देर से खड़े हो?" आणि धावत जाऊन त्यानं आपली तार काढून ठेवली, वर हात जोडले.

पण तार लागली तरी चार्जर सुरू होईना. फोनमधून सांगावं लागतं, फोनमध्ये नंबर येतो, तो नंबर टाकावा लागतो. आणि त्या जागी फोन लागत होता, पण नेट मिळत नव्हतं. गजेंद्र हात वर करून ढाब्याच्या मागं गेला, पुढं आला, रस्ता ओलांडून पलीकडं गेला. कंपनीच्या बाईला फोन लावला. ती हिंदीत विचारत होती, मशीनवरचा नंबर बोला. तो बोलला. मग म्हणाली, सर, थोडा प्रतीक्षा कीजिए.

दीड वाजता अर्जुनीची एसटी आली. ढाब्यासमोर थांबली. बकारामनं पाटी वाचली. ती बाईच्या गावच्या फाट्यावरून जाते, तिथून गाव अर्धा किलोमीटर. तो पिशवी घेऊन उठला.

"बाबा, कोठी चालले?"

"मी होतो पुढं. तू ये भरून."

"आता सुरूच होऊन राहिली ना! आणि पाहा, घरी गाडी असून बाप एसटीनं आला, लोक का म्हनतीन?"

बकाराम थांबला. कारण हेच तर त्याच्याही मनात होतं, पोरानं फक्त तोंडानं म्हटलं. तो थांबलेला पाहून कंडक्टरनं बेल मारली. एसटी निघून गेली.

दोनला देवानंदचा फोन. "कोठी आहा मामाजी?" वीस मिनिटं. अडीचला फोन. वीस मिनिटं. मशीन सुरू झालं, सात मिनिटं चाललं, आणि ढाब्याचीच लाईट गेली. पावणेतीनला देवानंदचा पुन्हा फोन आला तेव्हा गजेंद्रनं तो बकारामच्या हाती दिला. पलीकडं माणसांचा गलका होता.

"मामाजी, ऊन लय आहे. मायचं शरीर... समजून घ्या. मोठे लोक म्हनून राहिले, आता नाही ठेवता येत. अजून किती?"

बकारामला वीस म्हणवेना. तो म्हणाला, "आता निघतो."

तीनच्या आत लाईट परत आली, मशीन चाललं, आणि सव्वातीनला निघाले. साठ टक्के भरले होते. गजेंद्रनं गाडी जोरात हाणली.

गावाबाहेर तलावाच्या पोटाशी स्मशान. दुरूनच धूर दिसला. गाडी थांबायच्या आधी बकारामनं दार उघडलं आणि चपला न घालताच धावला. चिता पेटून अर्धा तास झाला असावा. लाकडं नीट धरली होती. माणसं पळसाच्या सावलीत बसली होती, मुन्नालाल त्यांच्यात होता. त्यानं वर पाहिलं आणि मान खाली घातली.

"लुगडं?" बकारामनं विचारलं. कोणाला, त्यालाही माहीत नव्हतं.

देवानंद ओल्या धोतरात उभा होता. "पडलं मामाजी. सुलोचनाबाईनं देल्लं. तुमच्याच गावची लेक म्हनून."

बाईचा दीर आता ऐंशीचा झाला होता, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "सायकलीवर होता तवा उन्हं चढाच्या आत येऊन जात होता." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाईच्या घरी आल्यावर बकारामनं सुलोचनाबाईला शोधलं. ती न्हाणीशी बसून हातपाय धूत होती. त्याच्या गावची, वरच्या आळीची. लहानपणी तिला झिपरी म्हणायचे. आता केस पांढरे.

"बाई, हे घे," तो पिशवी पुढं करत म्हणाला. "तुह्यं लुगडं गेलं."

"काऊन? मी तुमाले नाही देल्लं. बाईले देल्लं." तिनं हात पुसले. "माह्या लग्नातलं होतं. भावाची वाट पाहून पाहून बाया रडाच्या थांबल्या, मंग मी उठली. कोनीतरी मायरचं पाहिजे ना."

"मंग हे मी का करू?"

"मले का विचारता? राखेले कोन लुगडं नेसवते, दादा?"

ती उठून गेली. शिवी दिली असती तर तो उभा राहून ऐकणार होता. तिनं दादा म्हटलं.

ओसरीत बाया बसल्या होत्या. जिथं बाईला ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा लावलेला, आणि बाजूला एक कूलर घरघरत होता. तेवढ्यात गजेंद्र खिडकीतून वायर घेऊन आत आला. येताना जोरात हाणल्यानं गाडी भसाभस उतरली होती, नागपूर दूर होतं. त्यानं देवानंदला विचारलं, देवानंदनं मान हलवली, आणि गजेंद्रनं कूलरची पिन काढून आपली खोचली. बायांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. पाहुणा होता, त्याला नाही कोण म्हणणार.

बाहेर पोरं आणि माणसं गाडीभोवती जमली. एका भरतीत किती जाते? पावसात चालते का? केवढ्याची? आज दिवसभरात त्या अंगणात पहिल्यांदा कोणी नीट बोलत होतं.

बकाराम आत गेला, वाकला, आणि पिन ओढून काढली. कूलरची पिन परत लावली. ती भोकात नीट जाईना, दोनदा चुकली.

"बाबा, लाल दिवा लागला, कोनी काढली?" गजेंद्र दारात आला.

"मी काढली."

"मंग जाऊ कसं?"

"तिच्यात आहे तेवढ्यात जाय. ढाब्यापर्यंत पोचते. बावीसच आहे." त्यानं पिशवी काखेत घेतली. "माह्यासाठी थांबू नको. आनि तुले नाही म्हनून राहिलो गजू. आकडा मीही वाचला होता. पाटीही मीच वाचली. एसटीचीही."

गजेंद्रनं वायर गुंडाळली. गाडी आली तशीच आवाज न करता गेली. अंगणातल्यांना ती हलल्यावरच कळलं.

बकाराम देवानंदजवळ गेला. "मी थांबतो दहा दिवस. काही करनं असन तर सांग."

देवानंदनं त्याच्याकडं पाहिलं. डोळे सुजलेले, पण आवाज साधा होता. "थांबा मामाजी, घर तुमचंच आहे. पन आता मायरचं काम काही उरलं नाही."

तो आत गेला. बकाराम ओसरीच्या पायरीवर उभा राहिला, पिशवी काखेत. भेटायला येणारी माणसं त्याच्या बाजूनं आत जात होती, बाहेर येत होती. कोणी त्याला बस म्हटलं नाही, आणि कोणी जा म्हटलं नाही.