अडकेल त्याने ताटं उचलायची

आमच्या ह्यांना गप्प बसून जेवता येत नाही. रमाकांत परब, बँकेतून रिटायर झालेले, लालबागच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहणारे, आणि डोक्यात जगभरचा कचरा. कचराच म्हणते मी. उंटाला किती पापण्या असतात ते ह्यांना माहीत, पण घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं ते विचारा.

जेवणं झाली की साखळी सुरू. एकाने एक खरी माहिती सांगायची, दुसऱ्याने तिच्यातलंच काहीतरी धरून पुढची. खोटं चालत नाही, नुसतं मत चालत नाही. जो अडकेल त्याने सगळ्यांची उष्टी ताटं उचलून घासायची, हा ह्यांच्या वडिलांपासूनचा नियम. मी कधी खेळले नाही. ताटं तशीही मलाच उचलायची असतात, मग अडकले काय आणि नाही अडकले काय. पण माझी अपूर्वा लहानपणापासून बापाबरोबर खेळत आली. ती जिंकली की ह्यांची छाती फुगायची, मजल्यावर सगळ्यांना सांगत फिरायचे.

त्या अपूर्वाने गणपतीत संघर्षला घरी जेवायला बोलावलं. संघर्ष जाधव, राहणार नायगाव, परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं आणि बापाने हो म्हणावं अशी तिची फार इच्छा होती. मला म्हणाली, "आई, बाप्पा घरात असताना बाबा कोणाला वाईट बोलत नाहीत." वेडी पोर.

जाधव आडनावाने ह्यांना काही कळलं नव्हतं. जाधव सगळ्यांत असतात. संघर्ष नावाने मात्र संशय आला. आणि मुलगा आत आला, गणपतीसमोर अदबीने उभा राहिला, मूर्ती छान आहे म्हणाला, पण हात काही जोडले नाहीत. मी पाहिलं, ह्यांनीही पाहिलं. तरी वाढताना मला म्हणाले, "जावईबापूंना मोदक वाढ गो." मला वाटलं, सुटलो. काय सुटलो, डोंबल.

जेवणं झाल्यावर हे हात न धुताच मागे टेकले. "संघर्षराव, आमच्या घरची रीत आहे," म्हणाले आणि नियम सांगितला. मुलगा खूश झाला. त्याला वाटलं, घरात घेतायत.

"नारळाला तीन डोळे असतात," ह्यांनी सुरुवात केली, "पण कोंब एकाच डोळ्यातून फुटतो."

"माणसाच्या डोळ्याचा जो पुढचा पडदा असतो ना, काका, त्यात रक्तवाहिनीच नसते," संघर्ष म्हणाला.

"रक्ताचे गट शोधणारा माणूस ऑस्ट्रियाचा होता," अपूर्वा म्हणाली.

"रक्तगट आईबापाकडून येतो," हे म्हणाले. "तुमची पाळी."

"बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून एक दुर्मिळ गट आहे. तो पहिल्यांदा आपल्या मुंबईतच सापडला."

"वा," हे म्हणाले. खरंच कौतुकाने म्हणाले, खोटं कशाला बोलू. अपूर्वा माझ्याकडे बघून हसली. तेवढंच तिचं त्या दिवसातलं सुख.

पाळी खरं तर तिची होती, पण हेच पुढे बोलले. "मुंबईत इंग्रजांनी बीडीडी चाळी बांधल्या. त्यातल्या काही नायगावला."

"नायगावच्या चाळी पाडून आता टॉवर होतायत," अपूर्वा घाईने म्हणाली.

"आणि त्या चाळींत बिल्डिंगागणिक वस्ती वेगळी असायची. ह्या बिल्डिंगीत हे लोक, त्या बिल्डिंगीत ते." हे आता संघर्षकडे वळून बसले. "तुमची कुठली बिल्डिंग, संघर्षराव? माहितीच विचारतोय. खरी असली की चालते."

आता कळलं मला साखळी कुठे ओढत आणली होती ते. नारळापासून. शाबास हो तुमची.

मुलाला पण कळलं. त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या बिल्डिंगीच्या खाली बुद्धविहार होता," तो म्हणाला. "आमचे आजोबा, गुणाजी जाधव, दर पौर्णिमेला तिथे वंदना घ्यायचे."

"बावीस प्रतिज्ञा असतात तुमच्यात. त्यात गौरी-गणपतीला मानायचं नाही, असं आहे," हे म्हणाले. "बोल पुढे. गणपतीच्या घरी येऊन मोदक कसे खातात, त्याची काही माहिती आहे का तुझ्याकडे?"

तुम्हीचं तू कधी झालं, कोणाला कळलंही नाही.

"बाबा," अपूर्वा म्हणाली, "ही माहिती नाहीये. हे चालत नाही."

"तू गप. पाळी त्याची आहे. एक. दोन."

मुलगा अपूर्वाकडे बघत होता. त्याला उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर दिलं तर हिचं घर तुटेल, हा विचार करत बसला होता तो.

"तीन. अडकला. ताटं उचल." वर ह्यांनी पायरी सोडलीच. "तुला काय, नवीन नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून ताटांना हात घातला तर संघर्षनेच माझा हात बाजूला केला. "राहू दे, काकी. नियम आहे." चारही ताटं नेली, घासली, उलटी करून ओट्यावर लावली. बाहेर आला तेव्हा रुमालाने हात पुसत होता. आमच्या टॉवेलला त्याने हात लावला नव्हता. मला येतो म्हणाला आणि गेला. अपूर्वा लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली.

ती आत येते तोच हे मला म्हणाले, "रश्मी, ती चार ताटं वापरात घेऊ नकोस. भांडीवालीला देऊन टाक."

अपूर्वा जागच्या जागी थांबली. रडली नाही. माझ्यावर नाही गेली ती. बापासमोर पाट ओढून बसली आणि खेळताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "ताटं घासून गेला तो माझा नवरा आहे. आम्ही गेल्या महिन्यात रजिस्टर लग्न केलं. तुम्ही हो म्हणालात तर पुन्हा सगळ्यांसमोर करणार होतो. तुमची पाळी, बाबा."

मला वाटलं, आता हे अडकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पण ह्यांना विचारही करावा लागला नाही.

"रेशनकार्डावरून मुलीचं नाव दोन कारणांनी कमी करतात," हे म्हणाले. "लग्न झालं तर, नाहीतर मेली तर. मी जाऊन दुसरं कारण सांगणार."

पोरगी उठली, आत गेली आणि बॅग भरायला लागली. कपाटाचं दार वाजत होतं.

मी बसले ह्यांच्या समोर, तिच्याच पाटावर. "आता माझी पाळी," मी म्हटलं. "घरात माणूस मेलं की सुतक लागतं. सुतकात गणपती ठेवत नाहीत. घरच्यांनी हात लावायचा नसतो, शेजाऱ्याला बोलावून लगेच पोचवतात."

ह्यांनी गणपतीकडे पाहिलं. आजोबांपासूनचा गणपती, एक वर्ष चुकलेला नाही. मुंबई बंद होती त्या सालीही ह्यांनी स्वतः शाडूची मूर्ती केली होती. माझी खात्री होती की गणपतीसाठी तरी हा माणूस शब्द मागे घेईल. मी दार उघडून समोरच्या वसंतरावांना हाक मारली. ते बनियनवरच आले.

"गणपती पोचवायचाय," मी म्हटलं. "आमच्याकडे सुतक आलंय."

वसंतराव घाबरले. "अहो, कोण गेलं?"

"ह्यांना विचारा."

अपूर्वा बॅग घेऊन बाहेर आली होती. ती बापाकडे बघत उभी राहिली. मीही बघत होते. एक शब्द, बस. काही नाही, चुकून बोललो, एवढं म्हणाले असते तरी ती थांबली असती.

हे वसंतरावांना म्हणाले, "अपूर्वा."

वसंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. मग चपला दाराबाहेर काढल्या आणि मूर्ती उचलायला आत आले.